एलईडी हेडलाइटच्या नावाखाली माझे ११,१३० रुपये गेले

हे लिहायला दोन महिने लावले, कारण लाज वाटत होती. बावीस वर्षं नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिकलचं काम करतोय. व्होल्ट-अँपिअर हेच माझं रोजचं काम. अशा माणसाला बल्बच्या दुकानात गंडवलं, हे घरीसुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही. पण गेल्या आठवड्यात आमच्याच सोसायटीतला एक मुलगा त्याच दुकानातून गाडीला लाइट बसवून आला, तेव्हा म्हटलं आता लिहायचंच.

गाडी २०१४ ची वॅगन-आर. मुलगी ठाण्याला नोकरीला आहे. शुक्रवारी रात्री ती लोकलने कसाऱ्यापर्यंत येते आणि मी तिला आणायला जातो. पावसाळ्यातला तो घाट, धुकं, आणि आमच्या हेडलाइटचा मिणमिणता उजेड. वय ५१. हौस म्हणून नाही गेलो त्या दुकानात. हे आधीच सांगतो, कारण "कशाला पाहिजेत असले लाइट" असं ऐकवणारे बरेच भेटले.

फोनवर एलईडी हेडलाइट बल्बचा भाव विचारला. "काका, सोळाशे, दोन वर्षं वॉरंटी." सोळाशे म्हणजे जोडीचे असं मी धरलं, कुणीही धरेल. एक बाजू बसवून झाल्यावर कळलं की सोळाशे एका नगाचे. तोवर दुसऱ्या बाजूचा जुना बल्बही काढून ठेवलेला. मग एकेक सुरू झालं. बल्ब ३,२००, रिले हार्नेस (बॅटरीतून थेट वीज आणणारी वायरिंग) १,४००, डिकोडर (दिवा लुकलुकू नये म्हणून लावायची डबी) ९००, फिटिंग ५००, वॉरंटी कार्ड ४००. एकूण ६,४००. बिल मागितलं तर "जीएसटी लावला की अठरा टक्के वाढतील, काका". क्यूआर कोड स्कॅन केला तर दुकानाच्या नावाऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. तिथेच थांबायला हवं होतं. तुम्ही थांबा. पैसे ज्याच्या नावावर जातात ते नाव पाटीवर नसेल तर एक रुपया देऊ नका.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते याच्याही आधीचं.

काउंटरवर एक लाकडी बोर्ड होता. डावीकडे हॅलोजन, उजवीकडे एलईडी, दोन बटणं. हॅलोजन लावला तर तो समईसारखा केशरी पेटला. एलईडी लावला तर समोरची भिंत पांढरीशुभ्र. बारा व्होल्टवर धडधाकट हॅलोजन केशरी पेटत नाही. फिलामेंट केशरी दिसतं ते व्होल्टेज कमी मिळालं तर. हे मी कारखान्यात शिकाऊ पोरांना स्वतः शिकवलंय. माझा मल्टिमीटर गाडीच्या डिकीत होता, दहा पावलांवर. दोन प्रोब टेकवायला दहा सेकंद लागले असते. आणि मी काय म्हणालो? "वा, खूपच फरक आहे." ते वाक्य अजून रात्री आठवतं. पण एक सांगतो, पाऊस पडत होता, मागे चार गाड्या हॉर्न मारत उभ्या होत्या, संध्याकाळी कसाऱ्याला निघायचं होतं. त्या घाईचा तो माणूस फायदा घेतो. तीन फुटांवरच्या भिंतीवर कुठलाही बल्ब लखलखतोच. रस्ता पन्नास मीटरवर दिसला पाहिजे.

दुसरी खूण फिटिंगची. हेडलाइटच्या मागे रबरी टोपी असते, पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. दुकानातल्या पोराने ब्लेड घेतलं आणि ती गोल कापली. "एलईडी थंड ठेवणारा मागचा फॅन बाहेर राहायला पाहिजे ना, काका." मी बघत उभा होतो. कुणी तुमच्या गाडीची ही टोपी कापायला लागला तर त्याचा हात धरा.

त्याच रात्री कसाऱ्याहून घाट चढताना कळलं काय विकत घेतलंय ते. धुक्यात समोर पांढरा पडदा. तो पांढरा-निळसर उजेड धुक्यावर आणि पावसावर आपटून परत डोळ्यांत येत होता, डांबर दिसतच नव्हतं. शेजारी मुलगी घट्ट हँडल धरून बसलेली. पार्किंग लाइट लावून, एका टेम्पोच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून घोटीपर्यंत आलो. नंतर गिरणाऱ्याच्या रस्त्याला समोरचा प्रत्येक जण डिपर मारत होता, आणि माझा तर लो बीमच, म्हणजे खाली झुकलेला झोतच, होता.

कारण साधं आहे. माझ्या गाडीतल्या एच-४ प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, लो बीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, आणि आतला आरसा नेमका त्या जागेच्या हिशेबाने घडवलेला असतो. एलईडीच्या चिप असतात एका चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना. त्या डाव्या-उजव्या बाजूला, घड्याळातल्या नऊ आणि तीनवर, यायला हव्यात. माझ्या वर-खाली बसवल्या होत्या. झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यांत.

रविवारी मीटर काढला. खोक्यावर "२०० वॉट, २०,००० ल्युमेन" (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप). प्रत्यक्षात एक बल्ब १.९ अँपिअर घेत होता, म्हणजे जेमतेम २६ वॉट. खोक्यावरच्या आकड्यांवर काडीचाही विश्वास ठेवू नका.

तेविसाव्या दिवशी उजव्या बाजूचा फॅन अडकला आणि दिवा लुकलुकायला लागला. कापलेल्या टोपीतून पाणी जाऊन आतला आरसा धुरकट झाला. दुकानात गेलो. "पाणी गेलं तर वॉरंटी नाही, काका." टोपी तुमच्याच पोराने कापली म्हटलं, तर म्हणे कंपनीचं फिटिंगच तसं असतं. माझे जुने बल्ब मागितले, तर ते भंगारात गेले.

पोलिसांकडे गेलो. अडीच तास बाकावर बसलो. यूपीआयची पावती, खोकं, वॉरंटी कार्ड, सगळं पिशवीत. एकाने खोकं हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, मालाची तक्रार आहे, दिवाणी बाब आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना, असं विचारलं, तर "काका, सहा हजारांसाठी कशाला डोकं लावता". दुसऱ्यांदा गेलो तर हद्द आमची नाही, दुकान रस्त्याच्या पलीकडे येतं. पलीकडच्या ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. तिथून एका सरकारी कार्यालयात, जिथे गाड्यांचं बघतात. तीन खिडक्या फिरल्यावर उत्तर मिळालं: आम्ही गाड्या तपासतो, दुकानं नाही.

आणि त्याच आठवड्यात नाक्यावर मला अडवून डोळे दिपवणाऱ्या लाइटचं ५०० रुपयांचं ई-चलन! केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम आहे. आठ मीटरपेक्षा लांब उभ्या, किमान दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोत दिपवता कामा नये. नियम बरोबर आहे, माझं काही म्हणणं नाही. पण राजरोस असे लाइट विकणाऱ्याच्या दारात कुणी जायला तयार नाही, आणि फसलेल्याच्या खिशात मात्र सगळ्यांचा हात, हा कुठला न्याय?

पुढचा हिशेब: उजव्या हेडलाइटचं पूर्ण युनिट ३,१५०, हॅलोजनची नवी जोडी ४८०, मेकॅनिक ६००. चलन धरून एकूण ११,१३०. मेकॅनिकने डाव्या बाजूची पिवळी पडलेली काच घासून पॉलिश केली आणि अर्थिंगची वायर साफ केली. आता साध्या हॅलोजनमध्ये घाट व्यवस्थित दिसतो. मुळात एवढंच करायचं होतं.

आता १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. म्हणून खोकं फेकू नका, आणि बसवताना फोटो काढून ठेवा.

परवा संध्याकाळी त्या दुकानासमोरून जात होतो. बोर्ड चालूच होता आणि एक बाई स्कूटरची चावी हातात घेऊन तो उजेड बघत उभ्या होत्या. मी गाडी लावली, डिकीतून मीटर काढला आणि आत जाऊन हॅलोजनच्या होल्डरला प्रोब टेकवले. ७.८ व्होल्ट. मालक म्हणाला, "काका, धंदा खराब करू नका." मीटरचा फोटो काढलाय, तो तक्रारीला जोडला आहे.