पातळ की जाड? गाडीचं ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल निवडताना

नागपूरच्या मावसभावाने परवा दोन फोटो पाठवले. त्याने सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक नुकतीच घेतली आहे. पहिला फोटो गाडीच्या पुस्तिकेतल्या पानाचा, त्यावर इंजिन ऑइलचा ग्रेड ५डब्ल्यू-३०. दुसऱ्यात गॅरेजवाल्याने काढून ठेवलेला २०डब्ल्यू-५०चा कॅन. "आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळ ऑइल टिकत नाही," असं मिस्त्रीने सांगितलं म्हणे. कुणाचं ऐकू, हा भावाचा प्रश्न.

पुस्तिकेचं ऐक, असं मी लगेच कळवलं. मिस्त्री फसवत होता असं नाही. जुन्या गाड्यांसाठी त्याचं बरोबरच होतं, पण ही गाडी तशी नाही.

'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती जाड राहतं त्याचा. ३० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (जाडपणा मोजायचं एकक) मधे असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९च्या मधे. म्हणजे पावणेदोन पट जाड. बाहेर ४५ अंश असोत की १२, गरम झालेल्या इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइलही साधारण ९० ते ११०च्या पट्ट्यात राहतं. नागपूरचं ऊन त्यात जेवढी भर घालतं, त्यापेक्षा जास्त भर चढावर भरलेली गाडी ओढताना पडते.

"आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग पहिला आकडा कशाला बघायचा?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. ४० अंशांनाही २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३०च्या दुपटीहून जाड असतं. सकाळी चावी फिरवल्यावर ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोचतं. हल्लीच्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग आणि चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतात, वाटा बारीक असतात. तिथे जाड ऑइल घालून ॲव्हरेज कमी होतं आणि हाती काही लागत नाही.

मिस्त्रीचा सल्ला कुठे लागू पडतो? कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाडीत. पुस्तिकेतच दोन-तीन ग्रेड दिले असतील आणि गाडी कायम भरलेली, घाटातून पळत असेल, तर त्यातला जाड घ्या. दीड लाख किलोमीटर झालेलं इंजिन दोन सर्व्हिसिंगच्या मधे टॉप-अप मागत असेल, तरीही तेच. पण यादीबाहेर जाऊ नका.

मिनरल (कच्च्या तेलापासूनचं साधं ऑइल) की सिंथेटिक (रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं) हा वाद मला त्यामानाने सोपा वाटतो. ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर निवड उरतच नाही, ते सिंथेटिकच येतं. टर्बो पेट्रोल असेल तर सिंथेटिक, आणि डब्यावर एपीआय (अमेरिकेतली तेल उद्योगाची संस्था) एसपी किंवा त्यापुढचा दर्जा हवा. २०२० साली आलेल्या या दर्जात लहान टर्बो इंजिनांमध्ये इंधनाचं अवेळी पेट घेणं आणि टायमिंग चेनची झीज, या दोन्हींसाठी चाचण्या आहेत. जुनी, साधी, १५डब्ल्यू-४०वर चालणारी गाडी असेल आणि तुम्ही पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलत असाल, तर मिनरल घ्या, पैसे वाचवा.

किलोमीटरपेक्षा गाडी कशी चालते ते बघा. पुणे-कोल्हापूर करणाऱ्या गाडीचं ऑइल नीट तापतं, त्यातली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जातं. रोज तीन किलोमीटरवर ऑफिसला जाऊन-येऊन करणाऱ्या गाडीत ते तिथेच साचतं. अशा गाडीचं ऑइल वर्ष झालं की बदलायचं, मीटरवर चार हजारच का दिसेनात. दोन वर्षं तसंच ठेवलेल्या महागड्या सिंथेटिकपेक्षा वेळेवर बदललेलं साधं ऑइल कधीही बरं.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी एक गोष्ट पक्की करावी: पुस्तिकेत ऑइलचा दर्जा सी२ किंवा सी३ असा लिहिला असेल तर तेच ऑइल. यात राख कमी होते. साध्या डिझेल ऑइलची राख धुराच्या फिल्टरमध्ये अडकते. काजळी जळून जाते, राख जळत नाही.

कूलंटच्या रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांनी ठरवलेले रंग आहेत, त्यांचं कुठलंही प्रमाण नाही. दोन वेगळ्या रसायनांचे कूलंट मिसळले तर गंजरोधक निकामी होऊ शकतात. तयार मिश्रण की कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न घातलेलं? घरी मोजमाप जमत नसेल तर तयार मिश्रण. कॉन्सन्ट्रेट घेतलं तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. बोअरचं पाणी कधीच नको, विदर्भ-मराठवाड्याच्या जड पाण्याचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोड लागतं, कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं.

गिअरबॉक्सचं थोडक्यात: हाताने बदलायच्या गिअरबॉक्ससाठी पुस्तिकेत जीएल-४ हा ऑइलचा दर्जा लिहिला असेल तर 'वरचा ग्रेड' म्हणून जीएल-५ घालू नका, त्यातली गंधकयुक्त रसायनं गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळेच्या सिंक्रोनायझर रिंगांना बाधतात. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) साधं ऑटोमॅटिकचं ऑइल चालत नाही.

आता ब्रेक ऑइल. त्याला ऑइल म्हणतात, पण ते ऑइल नव्हे. चुकून इंजिन ऑइल पडलं तर ब्रेकचे रबरी सील फुगतात. ब्रेक ऑइल ग्लायकॉल या रसायनावर आधारलेलं असतं आणि हवेतली ओल शोषतं. त्याचे दर्जे 'डॉट' क्रमांकांनी ओळखतात. डॉट ३चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश, ओल शोषल्यावर १४०. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१चे २६० आणि १८०. कोकणातली किंवा घाटात जाणारी गाडी असेल तर मी डॉट ४च निवडेन. डॉट ३च्या गाडीतही ते चालतं. नुसतं 'डॉट ५' मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

हे मी आकड्यांवरून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरताना माझं पेडल हळूहळू मऊ होत तळाला गेलं. गाडीत आई होती. दुसरा गिअर, हँडब्रेक आणि एका वळणावरची रिकामी जागा, एवढ्यावर गाडी थांबली. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. प्रत्येक सर्व्हिसिंगला फक्त पातळी बघितली होती. ते गरम होऊन उकळलं, नळीत वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, दाब पुढे नेत नाही. दोन वर्षांनी पूर्ण बदलून घ्यायला इंजिन ऑइलपेक्षा कितीतरी कमी खर्च येतो.

भावाच्या गाडीच्या सर्व्हिस बुकात ब्रेक ऑइल बदलल्याची एकही नोंद नाही. त्याला सांगितलं, ५डब्ल्यू-३० पुढच्या आठवड्यात घाल, ब्रेक ऑइल उद्या सकाळी बदलून घे.