ट्रान्सफॉर्मरसाठी गॅस सेन्सर: टिन ऑक्साइड घ्यावा की पॅलेडियम?

कुपवाड एमआयडीसीतले ओळखीचे दोघंतिघं एकच विचारतायत, ३३ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरला ऑनलाइन गॅस सेन्सर लावायचाय, नॅनो टिन ऑक्साइडवाला घेऊ का पॅलेडियमवाला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. डीजीए, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात विरघळलेले गॅस मोजून आतला फॉल्ट ओळखणं, एवढं माहीत आहे असं धरून चालतो. आमच्या फाउंड्रीत दोन्ही वापरून झालेत, तेव्हा हे सगळं अनुभवाचं बोलणं आहे, तुमच्याकडं थोडं वेगळं निघू शकतं.

टिन ऑक्साइडचं चांगलं आधी सांगतो. कण काही नॅनोमीटरचेच, त्यामुळे गॅसला भिडायला पृष्ठभाग भरपूर, थोडासा हायड्रोजन लागला तरी रेझिस्टन्स धाडकन खाली येतो. किंमतही आवाक्यातली. आणि वेगवेगळं डोपिंग केलेले (म्हणजे थोडा दुसरा पदार्थ मिसळलेले) तीन-चार सेन्सर एकत्र लावले तर ॲसिटिलीन, इथिलीन, कार्बन मोनॉक्साइड यांचाही अंदाज मिळतो. पॅलेडियमवाला बिचारा फक्त हायड्रोजन सांगतो, गॅस धातूत शिरतो, धातू जरा फुगतो, रेझिस्टन्स वाढतो, विषय संपला. नुसती माहितीपत्रकं शेजारी ठेवली तर कोणीही टिन ऑक्साइडच उचलेल.

माझं गणित फिरलं ते वळवाच्या पावसात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं संध्याकाळी ढग भरून आले की लाइन ट्रिप होणार हे ठरलेलंच, आणि नेमकं तेव्हाच आत गॅस झालाय का हे कळायला हवं असतं. टिन ऑक्साइडला काम करायला २०० ते ४०० अंशांचा हीटर लागतो, सप्लाय गेला की तो थंड, परत आल्यावर बेस, म्हणजे गॅस नसतानाचा आकडा, स्थिर व्हायला कित्येक तास, कधी कधी दुसरा दिवस उजाडतो. भट्टीत माल वितळलेला, ऑपरेटर फोनवर विचारतोय, साहेब, सेन्सर लाल दाखवतोय, ट्रान्सफॉर्मर परत चालू करू का थांबू, आणि डिस्प्लेवरचा आकडा एकदा वर एकदा खाली, त्यावर काय सांगणार? यूपीएस लावा म्हणाल, तोही लावून बघितला, हीटर गरम राहिला पण आकडा हलायचा थांबला नाही, कारण या सेन्सरला ऑक्सिजन लागतो, म्हणून गॅस पडद्यातून तेलाबाहेर हवेत आणावा लागतो आणि पावसानंतर त्या हवेतली ओल एकदम वाढते. भरीला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यात त्याची गल्लत होते ती वेगळीच.

पॅलेडियमला ऑक्सिजन लागत नाही, सरळ व्हॉल्व्हमधून तेलात बसतो, बाहेर पाऊस पडो नाहीतर ऊन. प्रतिसाद जरा संथ आहे, मान्य, आत एकदम फ्लॅशओव्हर झाला, म्हणजे मोठी ठिणगी उडाली, तर तिथं बुखोल्झ रिलेच (तेलात अचानक गॅस झाला की ट्रान्सफॉर्मर बंद करणारा) कामाचा. पण हळूहळू वाढणारा फॉल्ट दिवसांच्या हिशोबात वाढतो, तिथं थोडा उशीर चालतो. सप्लाय परत आल्यावर तो लवकर ताळ्यावर येतो, मला तेवढंच हवं होतं.

एक अडचण मात्र राहतेच, नुसत्या हायड्रोजनवरून फॉल्ट कुठला ते कळत नाही, शिवाय काही नवी तेलं फॉल्ट नसतानाही हायड्रोजन सोडतात. म्हणून मी १०० पीपीएमसारख्या (दहा लाख भागांत १००) एखाद्या आकड्यापेक्षा वाढीचा वेग बघतो, वेग बदलला की काचेच्या सिरिंजमध्ये सॅम्पल काढून लॅबला. सिरिंजमध्ये बुडबुडा राहू देऊ नका, हायड्रोजन सगळ्यात आधी तिथंच पळतो. रिपोर्ट आला की गॅसांच्या प्रमाणावरून फॉल्टचा प्रकार सांगणारा डुव्हालचा त्रिकोण आहेच, ॲसिटिलीन असेल तर मग ट्रान्सफॉर्मर तपासायला उशीर करायचा नाही.

ग्राफीन, मॉलिब्डेनम डायसल्फाइड अशा नव्या सेन्सर-पदार्थांवरचे पेपर मीही आवडीनं वाचतो, पण त्यातले बरेच नुसत्या कॉम्प्युटरवरच्या गणिताचे असतात, खऱ्या गरम तेलात वर्षानुवर्षे टिकायची गोष्ट वेगळी.

तुमचा ट्रान्सफॉर्मर बंद खोलीत असेल, सप्लाय पक्का असेल आणि ठरल्या वेळी कॅलिब्रेशन करणारा माणूस हाताशी असेल तर टिन ऑक्साइडचा संचही वाईट नाही, एवढ्या पैशात चार गॅस दुसरं कोण दाखवणार. उघड्या यार्डात असेल तर मी तरी पॅलेडियमकडंच झुकेन. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला दोनच गोष्टी लेखी विचारा, सेन्सर तेलात बसतो का हवेत, आणि सप्लाय जाऊन आल्यावर पहिला खरा आकडा किती वेळानं मिळतो. आणि बसवताना तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह शक्यतो टाळा, तिथं गाळ आणि साचलेलं तेल असतं, जिथं तेल फिरतं असा व्हॉल्व्ह बघा.