विधिमंडळाच्या समितीनं बोलावलं तर सोर्सचं, म्हणजे आपल्याला बातमी देणाऱ्याचं, नाव सांगायचं का?

नव्या पेठेत चहा पिताना एका नवीन बातमीदार पोरानं हे विचारलं, तेव्हा धड सांगता आलं नाही म्हणून आता लिहितोय. यात राज्यघटनेची दोन कलमं येतात, १९ म्हणजे बोलायचं-छापायचं स्वातंत्र्य आणि १९४ म्हणजे विधिमंडळाचे विशेषाधिकार, सभागृहाला आपलं काम करायला दिलेले खास हक्क.

आधी समितीची बाजू, ती काय कच्ची नाही की ओ. आपण माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून ३० दिवस वाट बघतो, मग अपील, आणि तिकडं विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्हा परिषदेत तपासणीला येऊन बसली की अधिकारी फायली घेऊन पळत येतात, मी स्वतः बघितलंय. हा धाक राहायलाच पाहिजे. शिवाय १९५८ च्या, 'सर्चलाइट' नावाच्या पेपरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सभागृहाचा विशेषाधिकार पेपरच्या स्वातंत्र्याच्या वर ठेवला. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात सोर्सचं नाव सांगायची सक्ती नाही, पण ती सूट कौन्सिलपुढंच, म्हणजे पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेपुढंच, विधिमंडळापुढं नाही.

मग माझं मन दुसरीकडं का झुकतं? तर बोलावणाऱ्या समित्यांना बातमी खरी का खोटी हे नकोच असतं, नाव पाहिजे असतं. पाण्याच्या टायमिंगमध्ये गडबड चाललेली, ते मला एका चावीवाल्यानं, म्हणजे नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसानं, सांगितलं, मी छापलं, आणि एका ऑफिसातल्या चौकशी समितीनं बोलावून तासभर एकच प्रश्न विचारला, कोणी सांगितलं. विधिमंडळाची समिती नव्हती ती, पण प्रश्न तोच. मी नाव दिलं नाही. तरी मला बोलावलंय एवढं कळल्यावरच तो चावीवाला फोन उचलायचा बंद झाला, त्याच्यामागं आणखी दोघं, आणि पाच-सहा महिने त्या भागातनं मला एक बातमी मिळाली नाही. पाणी पाच दिवसाआड येत होतं, तेवढं लोकांना कळत होतं, का ते कळत नव्हतं.

अमेरिकेत १९७६ ला डॅनियल शोर या पत्रकाराला संसदेच्या समितीनं असंच बोलावलं, तो गेला, उत्तरं दिली, नाव दिलं नाही. समितीनं कारवाई केली नाही पण सीबीएस या टीव्ही कंपनीतली नोकरी सुटली. म्हणजे फुकट काहीच नाही.

प्रत्येकाचं घर वेगळं, पोटाची गणितं वेगळी, त्यामुळं माझंच ऐका असं म्हणणार नाही. पण मला विचाराल तर बोलावलं की जा, टाळू नका, वकील सोबत घ्या, छापलेल्या ओळीचे कागद पुढं ठेवा आणि नावाशी आलं की तिथं थांबा. तो चावीवाला परत बोलायला लागला, पण वर्षभरानं, तेही मी नाव दिलं नव्हतं हे त्याला दुसऱ्याकडनं कळल्यावर.