९०६० एक्सटी की ५०६० टीआय? गोव्यात गेमिंग पीसी जमवताना

मध्यम बजेटचा गेमिंग पीसी जमवायला बसलं की सध्या गाडी दोन ग्राफिक्स कार्डांपाशी येऊन थांबते: एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय. दोन्ही २०२५ मध्ये आली, दोन्ही ८ आणि १६ जीबी मेमरीच्या अशा दोन प्रकारांत मिळतात. त्यातलं ८ जीबीचं कुठलंच घेऊ नका. दुकानदार कितीही म्हणाला, "१०८०पी ला पुरतं," तरी नको.

कारण साधं आहे. टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) ८ जीबीत मावले नाहीत की उरलेले साध्या रॅममध्ये जातात आणि प्रत्येक वेळी पीसीआय स्लॉटमधून (मदरबोर्डावरची कार्ड बसवायची खाच) ये-जा करतात. ५०६० टीआयच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी, पीसीआय ३.० च्या आठ लेनमधून (डेटाच्या वाटांमधून) मिळतात जेमतेम ८ जीबी. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगलाच दिसतो, पण कॅमेरा वळवला की गेम अडखळतो आणि समोरची भिंत काही क्षण धुवट, मेणासारखी दिसते. म्हणून यूट्यूबवरच्या चाचण्या बघताना सरासरीपेक्षा "एक टक्का लो" (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा बघा.

आता १६ जीबीच्या दोघांत. मूळ किमती ९०६० एक्सटीची ३४९ डॉलर आणि ५०६० टीआयची ४२९ डॉलर. भारतात दोन्ही चढ्या मिळतात, पण एएमडीचं स्वस्त हा क्रम सहसा टिकतो. नुसत्या गेमिंगला माझा कौल ९०६० एक्सटीला. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणाऱ्याने, किंवा गेममध्ये रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं सेटिंग) चालूच ठेवणाऱ्याने, वरचे पैसे ५०६० टीआयला द्यावेत. तिथे ते वसूल होतात.

जुन्या मशीनमध्ये नुसतं कार्ड बदलायचं असेल तर मात्र ९०६० एक्सटीच. बी४५० बोर्ड किंवा इंटेलच्या दहाव्या पिढीचा सेट म्हणजे पीसीआय ३.०. एएमडीचं कार्ड सोळा लेन वापरतं, ५०६० टीआय आठच, त्यामुळे जुन्या स्लॉटवर एनव्हिडियाचा रस्ता निम्मा अरुंद होतो. जुन्या मशीनला आणखी एक मेख आहे: रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय. ती चालू करायला बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) "अबव्ह ४जी डिकोडिंग" चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करावं लागतं. विंडोज डिस्कच्या जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेलं असेल तर सीएसएम बंद करताच बूट होत नाही, आणि लोक समजतात नवीन कार्डच खराब. सीएसएम पुन्हा चालू करा, डेटाची प्रत काढा, विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी टूलने तीच डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदला, मग सीएसएम बंद करा. रायझन ३००० च्या आधीचा प्रोसेसर असेल तर आधी प्रोसेसर बदला.

नवीन बिल्डला रायझन ५ ७६००, बी६५०एम बोर्ड, डीडीआर५ ६००० च्या १६ जीबीच्या दोन काड्या आणि १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. रॅम २०२५ च्या अखेरीपासून फार महागली आहे, भाव ऐकून धक्का बसेल, पण एकच काडी घेऊन "दुसरी नंतर" हा बेतही करू नका. ड्युअल चॅनल (दोन काड्या एकदम वापरणं) गेलं की वेग घटतो. बोर्डावर चार स्लॉट असतील तर काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो) काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. तेव्हा बटण दाबून बंद करू नका. मग बायॉसमध्ये एक्स्पो (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग) चालू करा.

७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स असतंच. म्हणून मॉनिटरची केबल चुकून बोर्डाला लागली तरी चित्र दिसतं, आणि एवढं महाग कार्ड रिकामं बसतं. केबल कार्डालाच लावा.

तीन पंख्यांच्या मॉडेलला जास्त पैसे कशाला? १६० ते १८० वॉटला दोन पंखे पुरतात आणि कार्ड छोट्या कॅबिनेटमध्ये बसतं. एक ८-पिन केबल १५० आणि स्लॉट ७५ वॉट देतो, म्हणजे तिथेही अडचण नाही. गेम खेळताना अख्खी मशीन साधारण ३०० ते ३३० वॉट ओढते. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) चालतो, ६५० चा घेतलात तर पुढच्या कार्डालाही पुरेल. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस नको म्हणजे नको.

कारण आपल्याकडची वीज. जूनच्या पहिल्या गडगडाटात डिचोली-सत्तरीकडे लाईट किती वेळा ये-जा करते हे सांगायला नको. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच देतो. मॉनिटर धरला की तो काठावर येतो आणि लाईट जाताक्षणी ओव्हरलोड होऊन पडतो. १००० व्हीएच्या पुढचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर तो साइन वेव्ह हवा आणि मागचा स्विच "यूपीएस" मोडवर हवा. साध्या मोडमध्ये तो वीज बदलायला जास्त वेळ घेतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. वीज कडाडू लागली की प्लग काढाच, आणि ब्रॉडबँडची लॅन केबलही. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ते कमजोर पडतं.

दुसरा शत्रू हवा. कांदोळी किंवा बाणावलीला समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ आणि कुडचडेच्या बाजूला लाल धूळ, दोन्ही पावसाळ्याच्या दमटपणात ओली होऊन बोर्डावर चिकटतात. पुढे दोन-तीन पंखे आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, आणि पुढे धुता येणारी जाळी. आत हवेचा दाब जास्त राहिला की धूळ फटींतून शिरत नाही. पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालवा, उबेने ओल उडते. आणि खोली एसीने २० वर गार करून, मशीन बंद केल्यावर लगेच खिडकी उघडू नका. बाहेरची ओली हवा गार हीटसिंकवर लागली की त्यावर दव धरतं. एसी २६ वर ठेवलात तर ही भीती बरीच कमी.

गंजाचा प्रश्न वॉरंटीलाही भिडतो. एचडीएमआय पोर्टच्या कडेला हिरवट थर किंवा मागच्या पट्टीवर तांबूस ठिपके दिसले की बऱ्याच कंपन्या क्लेम नाकारतात. न वापरलेल्या पोर्टना रबरी टोप्या लावा, त्या स्वस्तात मिळतात. खरेदी पणजी-मडगावात करा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पण विचारा: बिघाड झाल्यास कार्ड इथेच जमा होईल की कुरियरने बाहेर पाठवावं लागेल, आणि खर्च कोणाचा? जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, तो कार्डावरच्या आणि खोक्यावरच्या नंबराशी जुळवा. खोकं आणि आतला फोम वॉरंटी संपेपर्यंत सिलिका जेलच्या पुड्या घालून माळ्यावर ठेवा.