ऑनलाइन चष्मा घेताय? प्लॅस्टिकची फ्रेम की नोज पॅडवाली, माझा अनुभव

फ्रेम ऑनलाइन घ्यायची म्हटली की सगळे आधी चेहरा गोल का चौकोनी इथून सुरुवात करतात. ते मी सोडून देतोय, कारण चेहरा कसाही असो, चष्मा शेवटी बसतो नाकावर आणि कानांवर, आणि कान बिचारे फारसा त्रास देत नाहीत. नाक देतं. माझं नाक बसकं आहे, म्हणजे डोळ्यांच्या मधे जिथे हाड जरा वर यायला हवं तिथे ते आलेलंच नाही, त्यामुळे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तशी माझ्या प्रत्येक चष्म्याला. गेले तीन चष्मे मी ऑनलाइन घेतले, दोन प्लॅस्टिकचे आणि एक धातूचा, तेव्हा दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो. तज्ज्ञ नाही, फक्त चष्मा लागून बरीच वर्षं झालीत आणि डोळ्यांचा नंबर साडेपाच मायनस आहे, म्हणजे चष्मा नसेल तर भिंतीवरचं घड्याळ म्हणजे एक पांढरा ठिपका.

प्लॅस्टिक म्हणजे इथे मी जाड ॲसिटेटची फ्रेम धरतोय, जिच्यात नाकाची बैठक फ्रेममधेच कोरलेली असते, वेगळे पॅड नसतात. आणि दुसरी ती बारीक धातूची, जिच्यात दोन बाजूंना छोट्या तारेवर नोज पॅड असतात.

काडीच्या आत तीन आकडे छापलेले असतात हे तुम्हाला माहीत असेलच, ५२-१८-१४० असे काहीतरी, काचेची रुंदी, ब्रिज आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमधे. जुना चष्मा छान बसत असेल तर तेच आकडे बघून नवा घ्या हा सल्ला सगळे देतात आणि चुकीचा नाहीये. पण त्यात एक मेख आहे जी मला कुणी सांगितली नाही. तो मधला आकडा, १८ समजा, तो दोन काचांमधलं अंतर सांगतो, तुमचं नाक त्यात कसं बसेल ते नाही. प्लॅस्टिकच्या फ्रेममधे नाक खरोखर त्याच खोबणीत टेकतं, म्हणून तिथे तो आकडा महत्त्वाचा. धातूच्या फ्रेममधे नाक टेकतं पॅडवर, आणि पॅड आतबाहेर होतात, त्यामुळे १८ असो की २० असो, चालून जातं. म्हणजे धातूच्या जुन्या चष्म्यावरचा १८ बघून तुम्ही १८ची प्लॅस्टिक फ्रेम मागवलीत तर आकडा जुळला, नाक नाही जुळलं. मी हेच केलं होतं.

बरं, मी काही डोळे मिटून मागवली नव्हती. आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर फ्रेम चेहऱ्यावर लावून बघितली, आणि एकदम भारी दिसत होती. कॅमेऱ्यात फ्रेम घसरत नाही ना, ती जिथे चिकटवलीय तिथेच राहते, मान खाली घाला नाहीतर शीर्षासन करा. मग घरी ट्रायलला फ्रेम मागवल्या, त्यातली एक घालून अख्खी संध्याकाळ वावरलो, व्यवस्थित. ऑर्डर दिली. आठवड्याने काचा बसवून आलेला चष्मा घातला, बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि चष्मा थेट नाकाच्या शेंड्यावर. नंतर डोक्यात प्रकाश पडला की ट्रायलच्या फ्रेममधे असतात त्या बिननंबराच्या पातळ शो-काचा, त्यांना वजन असं नसतंच. माझ्या नंबरची काच कडेला चांगली जाड, ते सगळं वजन पुढे, आणि मागे धरून ठेवायला काहीच नाही. तेव्हा घरी ट्रायल घेणार असाल तर जरूर घ्या, रुंदी कळते, कानामागे टोचतं का ते कळतं, पण घसरेल की नाही हे त्यातून कळत नाही, निदान जास्त नंबरवाल्यांना तरी नाही.

आता हे घसरणं म्हणजे काय एवढं, बोटाने वर करायचा की झालं, असं वाटत असेल तर तुमचा चष्मा घसरत नाही. मी एकदा दुपारी गंमत म्हणून मोजायला लागलो की किती वेळा वर करतो, चाळीसपर्यंत मोजलं आणि मग नाद सोडला, अजून चारही वाजले नव्हते. हात ओले असताना मनगटाने, दोन्ही हातात सामान असताना नाक आणि वरचा ओठ मुरडून, खांद्याने, दाराच्या चौकटीनेसुद्धा. घाम आला की विचारूच नका. आणि प्रत्येक वेळी बोट लागतं ते नेमकं काचेच्या कडेला, म्हणून काच कायम तेलकट, म्हणून दर तासाला पुसा. शिवाय चष्मा डोळ्यापासून लांब गेला की मायनसवाल्याचा नंबर किंचित कमी पडतो, म्हणजे लांबची पाटी वाचायची तर आधी चष्मा वर ढकला. दादाला प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा नंबर आणि खाली वाचायचा, त्याची अजून वेगळी तऱ्हा, चष्मा खाली आला की वाचायचा भाग पण खाली जातो आणि मग तो हनुवटी वर करून मोबाइल बघतो, समोरच्याला वाटतं साहेब रागावलेत.

एक दिवस आरशात बाजूने बघितलं तेव्हा कारण दिसलं. फ्रेमची खोबण माझ्या नाकाला फक्त खालच्या दोन टोकांना टेकत होती, वर नाकाचं हाड आणि फ्रेम यांच्यात सरळ फट, त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. म्हणजे चष्मा बसलेला नव्हताच, दोन टोकांवर लटकलेला होता. आणि त्याच फटीमुळे तो खाली उतरायचा आणि मी हसलो की गालाला टेकायचा, काचेच्या खालच्या कडेला रोज एक धुरकट रेघ.

उपाय केले नाहीत असं नाही. कानामागची काडी जास्त वाकवली, ॲसिटेट गरम केलं की वाकतं, त्याने घसरणं निम्म्यावर आलं पण संध्याकाळपर्यंत कानामागे ठणका. दुसऱ्यांदा वाकवताना हेअर ड्रायर जरा जास्त वेळ धरला गेला आणि काचेच्या कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या, तो सर्वस्वी माझाच गाढवपणा, काडी गरम करताना काच झाकायची असते. मग ते सिलिकॉनचे चिकटवायचे पॅड आणले. पहिले काही दिवस स्वर्ग. मग घामाने एक सुटला, आणि एकच पॅड असलेला चष्मा हा बिनपॅडच्या चष्म्यापेक्षा वाईट असतो हे त्या दिवशी समजलं, कारण तो तिरका बसतो आणि घसरतो पण.

एवढं झाल्यावर मी दुसरी प्लॅस्टिकचीच का घेतली हे विचारू नका. दिसायला छान होती. ब्रिज १६चा घेतला, म्हणजे अरुंद, वाटलं आता घट्ट बसेल. बसला, पण नाकावर उंच जाऊन, भुवया फ्रेममधे आणि पापण्या काचेला घासतायत, प्रत्येक उघडझापीला काचेवर झाडू मारल्यासारखं.

मग धातूची. खरं सांगायचं तर आल्या आल्या ती पण नीट बसली नव्हती, उलट पहिल्या दिवशी प्लॅस्टिकपेक्षा जास्त खाली होती. पण जवळच्या चष्मेवाल्याकडे गेलो, त्याने बारीक पक्कड घेतली, दोन्ही पॅड एकमेकांच्या जवळ आणले, थोडे मागे ओढले, एकदा माझ्या नाकावर ठेवून बघितलं, डावा पॅड अजून एक चिमूट आत घेतला, कारण म्हणे माझं नाक डावीकडे किंचित कमी आहे, जे माझ्या आईलाही माहीत नव्हतं. सगळं मिळून दोन मिनिटं. पॅड जवळ आले की चष्मा वर बसतो, लांब केले की खाली, एवढं साधं गणित. घरी येऊन बुटाची नाडी बांधली. सोडली. परत बांधली.

माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. ऑनलाइन घेताना तुम्ही अंदाजाने घेताय, फोटो समोरून काढलेला, आकडे तीन, आणि नाकाची उंची त्या तीन आकड्यांत कुठेच नाही. अंदाज चुकणारच थोडा. धातूच्या फ्रेममधे चूक नंतर दुरुस्त होते. प्लॅस्टिकमधे कोरलेली खोबण तीच राहते, जी चूक घरी आली ती घरीच राहिली. हातात घेऊन, घालून, वाकून बघून विकत घेणाऱ्याला कदाचित असा फरक पडणार नाही.

आता प्लॅस्टिकच्या बाजूने पण बोललं पाहिजे, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितोय. मायनस नंबर जास्त असेल तर काचेची जाड कड जाड फ्रेममधे लपते, धातूच्या बारीक रिममधून ती मागे डोकावते, माझी डोकावतेच. पॅडचे ते नाकावरचे दोन लाल ठसे प्लॅस्टिकमधे पडत नाहीत, कारण वजन पसरतं, अर्थात खोबण नीट टेकत असेल तरच. पॅडच्या मागे जो हिरवट मळ साचतो तो प्रकार नाही, धातूतलं तांबं आणि घाम यांचा तो संसार आहे, आठवड्यातून एकदा साबणपाणी आणि जुना मऊ ब्रश लावावा लागतो. पॅड पिवळे पडतात, बदलावे लागतात, स्क्रूवाले की दाबून बसवायचे ते बघून घ्यावे लागतात. चष्मा डोक्यावर ढकलायची सवय असेल तर पॅडमधे केस अडकतात, बायको याच एका कारणावरून धातूच्या फ्रेमला हात लावत नाही. आणि त्वचेला निकेल चालत नसेल तर साधी धातूची फ्रेम घेऊच नका, टायटॅनियमची बघा, वजनाला पण ती स्टीलच्या मानाने बरीच हलकी पडते. पण यातला एकही त्रास दिवसातून चाळीस वेळा होत नाही, मी एवढंच म्हणतोय.

मधला मार्ग पण आहे, पुढची फ्रेम प्लॅस्टिकची आणि आत धातूच्या तारेवर पॅड. अशा फ्रेम फार नसतात, फोटो मागच्या बाजूने बघितला तरच कळतं, पण ज्यांना जाड फ्रेमच हवीय आणि नाक माझ्यासारखं आहे त्यांनी हे आधी शोधावं. काही ठिकाणी लो ब्रिज फिट म्हणून वेगळ्या फ्रेम असतात ज्यांची नाकाची बैठक मुद्दाम जाड ठेवलेली असते, त्या मी स्वतः वापरलेल्या नाहीत. टीआर ९० नावाचं हलकं लवचिक प्लॅस्टिक मिळतं, त्याची हलकेपणाची स्तुती खरी आहे, मुलांना चांगलं, पण ते वाकवलं तरी पुन्हा मूळच्या जागी येतं, म्हणजे ॲसिटेटइतकंसुद्धा ॲडजस्ट होत नाही, तेव्हा हलकं आहे म्हणून घसरणार नाही असं समजू नका.

कुठलीही घ्या, पण तीन आकड्यांबरोबर फ्रेमची एकूण रुंदी दिलीय का बघा, कारण काच ५२चीच असली तरी बिजागरीकडचा भाग कमीजास्त असतो आणि कानशिलावर दाबतं ते त्यामुळे. काडी १४० की १४५ यापेक्षा ती कानामागे कुठून वाकते हे जास्त महत्त्वाचं, आणि ते वाकण सरकवता येतं. आल्यावर चष्मा काड्या उघडून टेबलावर उलटा ठेवा, एक काडी हवेत राहिली तर फ्रेम पिळलेली आहे, आधी ते सरळ करून घ्या आणि मग नाकाला दोष द्या. नंबर जास्त असेल तर काचा लहान घ्या, ५४ऐवजी ४९-५०, कड पण कमी जाड होते आणि पुढचं वजनही कमी होतं, यात मात्र प्लॅस्टिक-धातू भेद नाही.

ज्यांचं नाक वर छान उचललेलं आहे आणि नंबर दीड-दोनच्या आत आहे त्यांनी बिनधास्त ॲसिटेट घ्यावी, दिसते पण छान आणि टिकते पण, त्यांना माझं हे रडगाणं लागू नाही. ओळखायचं कसं, तर जुना बिनपॅडचा चष्मा घाला, खाली वाका, डोकं दोनदा हलवा, जागचा हलला नाही तर तुम्ही त्यातले. बाकीच्यांनी पॅडवाली बघावी असं मला वाटतं, आणि वाटतं म्हणतोय पण तिसऱ्यांदा पैसे घालवून झाल्यावर वाटतंय.

माझी ती पहिली प्लॅस्टिकची फ्रेम अजून ड्रॉवरमधे आहे, टाकवत नाही, काचा बदलून घेतल्यात. कुणी फोटो काढणार असलं की घालतो. फोटोत वाकायचं नसतं.