चवथीला गावी जाताना ईमेलला उत्तर कोण देणार?

चवथीच्या, म्हणजे गोव्यातल्या गणेशचतुर्थीच्या, दिवसांत माणूस पणजीच्या ऑफिसात बसला तरी त्याचं अर्धं लक्ष माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीच्या) सामानात असतं. पण ऑक्टोबरपासूनच्या हंगामाच्या चौकशा नेमक्या त्याच आठवड्यात येतात, आणि लंडनच्या पाहुण्याला चवथ ठाऊक असायचं कारण नाही. तेव्हा आपोआप उत्तर लावून जाणं आलंच. प्रश्न एवढाच, लावायचं कुठे?

ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल तर फार विचार करू नका, आउटलुकचं 'ऑटोमॅटिक रिप्लाय' वापरा. त्याची खरी किंमत दोन वेगवेगळ्या मजकुरांत आहे: एक ऑफिसातल्यांना, दुसरा बाहेरच्यांना. सहकाऱ्याला 'जीएसटीची फाईल कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे' असं सांगता येतं, ग्राहकाला नुसतं 'सोमवारी भेटू'. बाहेरच्यांना उत्तर द्यायचंच नाही, किंवा फक्त ओळखीच्या संपर्कांनाच द्यायचं, हेही ठरवता येतं. वेळ तासासकट लावता येते, म्हणजे शुक्रवारी दुपारी निघणाऱ्याची सोय झाली. वेबवरच्या आउटलुकमध्ये त्या काळातली बैठकांची आमंत्रणं आपोआप नाकारायचीही सोय आहे. एका माणसाला उत्तर एकदाच जातं.

मात्र आउटलुक वापरता म्हणजे ही सोय मिळतेच असं नाही. साध्या होस्टिंगवरचा (वेबसाइटसोबत भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरचा) मेल आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरचा मेल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दाखवायच्या पद्धतीने, जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये ओढला असेल, तर 'ऑटोमॅटिक रिप्लाय'चं बटण दिसतच नाही. आउटलुकमध्ये 'रूल' (आलेल्या मेलला आपोआप उत्तर धाडायचा नियम) लावून काम भागवता येतं, पण त्यासाठी संगणक आणि आउटलुक दोन्ही चालू हवेत. भर पावसात, वीज कधी जाईल ते सांगता येत नाही अशा दिवसांत, बंद ऑफिसातला संगणक चालू ठेवून जाणं मला तरी पटत नाही. असा मेल असेल तर होस्टिंगच्या पॅनेलमधलाच ऑटोरिस्पॉन्डर लावावा; तो सर्व्हरवरून चालतो.

जीमेलचा 'व्हेकेशन रिस्पॉन्डर' साधा आहे आणि एकट्याने होमस्टे चालवणाऱ्याला पुरेसा आहे. मोबाइलवरूनही लागतो. तारखा टाकायच्या, तास नाही: पहिल्या दिवशी मध्यरात्री सुरू, शेवटच्या दिवशी रात्री ११:५९ ला बंद. शेवटची तारीख टाकणं ऐच्छिक आहे, पण टाकाच. नाहीतर दिवाळीतही पाहुण्यांना चवथीच्या शुभेच्छा जात राहतील. स्पॅमला आणि मेलिंग लिस्टच्या पत्रांना तो उत्तर देत नाही. फक्त संपर्कयादीतल्यांना उत्तर द्यायचा पर्यायही आहे, पण होमस्टेवाल्याने तो निवडू नये, कारण नवीन गिऱ्हाईक त्या यादीत नसतंच.

गोव्यात बरंचसं बुकिंग व्हॉट्सअॅपवरच चालतं, म्हणून काहीजण व्हॉट्सअॅप बिझनेसच्या 'अवे मेसेज'वरच सगळं सोडतात. वेळापत्रक लावता येतं, कोणाला पाठवायचं तेही निवडता येतं. गोम अशी की फोनला इंटरनेट असेल तरच तो मेसेज जातो. सत्तरी किंवा सांगे तालुक्यात आतल्या गावी रेंजसाठी अंगणाच्या कोपऱ्यात उभं राहावं लागत असेल, तर हा सोबतीला ठीक, एकटा नको. जीमेलची आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ वरच्या आउटलुकची उत्तरं त्यांच्या सर्व्हरवरून जातात. तुमचा फोन बंद असला तरी अडत नाही.

मजकुरात परत कधी येणार आणि घाईचं असेल तर कोणाला फोन करायचा, एवढं पुरे. परदेशी पाहुण्यांसाठी तेच खाली इंग्रजीत. 'सगळं कुटुंब गावी गेलंय' हे अनोळखी माणसाला कळवायची गरज नाही.

लावल्यावर दुसऱ्या खात्यावरून एक मेल टाकून बघा. जीमेलमध्ये त्याच खात्यावरून लगेच दुसरा टाकलात आणि उत्तर आलं नाही, तर घाबरू नका: मजकूर बदलला नाही तर एका पत्त्याला चार दिवसांत एकदाच उत्तर जातं.