वसुलीवाल्याला पैसे घ्यायचं अधिकारपत्र देऊ नका, आमचे 3,93,400 गेले

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, संत्र्याचे पुठ्ठ्याचे खोके बनवतो. काटोल, नरखेड, वरुडचे व्यापारी उधारीवर माल उचलतात आणि सीझन संपला की फोन उचलत नाहीत. मार्केटमध्ये 11,42,600 अडकले होते, क्राफ्ट पेपरवाल्याचा रोज तगादा, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट फुल, पगार द्यायचे. अशा वेळी ओळखीतल्याच माणसानं हा वसुलीवाला आणून दिला, म्हणून विश्वास ठेवला, कोणीही ठेवला असता.

फाइल चार्ज 30,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 आधीच घेतले. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर फुकटात तपासता येतो, तो आधी तपासा. आम्ही नंतर पाहिला तर रद्द झालेला निघाला.

खरा घात झाला तो अधिकारपत्रात. मजकूर त्यानंच टाइप करून आणला, "थकबाकी वसूल करणे, रक्कम स्वीकारणे व तडजोड करणे". माझ्या मिसेसनं तिथंच विचारलं, पैसे आपल्या करंट अकाउंटला येणार आहेत ना, मग स्वीकारणे कशाला लिहिलं? तो म्हणे, ताई, त्याशिवाय पार्टी मानत नाही. आणि मी शिक्का मारला. अजून रात्री तो शिक्का डोळ्यासमोर येतो, राग आवरत नाही.

सुरुवातीला वसुलीतले 60,000 आमच्या खात्यात टाकले, म्हणून आम्ही निवांत. तिकडे हा पार्ट्यांना सूट देऊन कॅश घेऊन राहिला होता. 1,90,000 वाल्याकडून 1,10,000 घेतले आणि "पूर्ण व अंतिम" अशी पावती फाडली. असे एकूण 4,18,000 उचलले आणि आमची 6,75,000 ची उधारी मिटवून मोकळा. आता पार्ट्या पावत्या दाखवतात. वकील म्हणतात, तुम्ही लेखी अधिकार दिला, त्याला दिलेला पैसा तुम्हालाच दिल्यासारखा.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. अहो, विश्वासानं दिलेलं पत्र वापरून पैसे खाल्ले, हा विश्वासघात नाही तर काय आहे? साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या, कागद पुन्हा आणा, झेरॉक्स नाही ओरिजनल आणा, हेच चालू. आर्थिक गुन्हे शाखेत सांगितलं, रक्कम लहान आहे, ठाण्यातच जा. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर कॅशचं प्रकरण त्यांच्याकडे येत नाही म्हणे. मग माणसानं जायचं कुठं? एफआयआर घेत नसतील तर बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 173(4) खाली वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी पाठवा, पोच ठेवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. हेही ठाण्यातल्या कोणी सांगितलं नाही, वकिलानं सांगितलं.

दलाल लागतच नाही बापा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु मॅन्युफॅक्चरर असाल आणि माल देण्याआधी सरकारी उद्यम नोंदणी असेल तर थकीत बिलांसाठी एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर केस टाका, 45 दिवसांवर थकलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. चेक बाउन्स झाला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. उधारी तीन वर्षांवर जाऊ देऊ नका, पार्टीकडून दरवर्षी बॅलन्स कन्फर्मेशनवर (बाकी मान्य असल्याच्या कागदावर) सही घ्या. माणूस ठेवायचाच असेल तर पत्रात फक्त "पाठपुरावा" लिहा.

पत्राची ओरिजनल अजून त्याच्याकडेच आहे. काटोल, नरखेड, वरुडकडं कोणी आमच्या शिक्क्याचं पत्र घेऊन आला तर एक रुपया हातात देऊ नका, आमच्या बिलावर छापलेल्या खात्यातच टाका.